उजव्या कानातला धुम

टोकावड्याच्या अलीकडे हमरस्ता सोडला की शेतांच्या बांधावरून एक वाट आमच्या गावात येते. भात कापून झालं की त्या वाटेने खांद्यावर मृदंग घेतलेली माणसं दिसू लागतात. कुणी घाटाखालच्या गावातलं, कुणी पार शहापूरकडचं. ती सगळी सावळारामच्या ओट्यावर येऊन थांबतात. आमच्याकडे पाव्हण्याला आधी पाणी देतात. सावळाराम आधी मृदंग मागायचा. तो मांडीवर आडवा घ्यायचा, डोळे मिटायचा आणि डाव्या तोंडावर एकच थाप मारायचा. घुमून जाणारा तो जाड आवाज, त्याला धुम म्हणतात. तो विरेपर्यंत ओट्यावर कुणी बोलायचं नाही, एवढा दरारा. मग तो डोळे उघडून म्हणे, "पाणी द्या रे पाव्हण्याला."

त्याची शेती होती, भात होतं, दोन बैल होते. पण माणूस ओळखला जाई तो कानावरून. मृदंगाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते. तिचा सूर वर न्यायचा तर चामड्याच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने सरकवायचे. डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापायचा. गोळा किती घ्यायचा, कणीक किती सैल भिजवायची, हे हाताला ठाऊक असतं, आणि हाताला ते कान सांगतो. हे काम तो मुरबाडच्या धोंडी उस्तादाकडे शिकला. उस्ताद त्याला भिंतीपलीकडे बसवायचा आणि एकेक मृदंग वाजवून विचारायचा, सांग कुठल्या मंडळाचा. तीन पावसाळे त्याने नुसतं भिंतीपलीकडे बसून काढले. हातोडी हातात मिळाली ती चौथ्या वर्षी.

शहाण्णव साली त्याने शहापूरच्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला. लोकांना वाटलं, गाणी ऐकायला आणला. सावळाराम भजनाच्या सामन्यांना जायचा, टेप मृदंगाच्या जवळ ठेवायचा आणि सगळा सामना भरून घ्यायचा. घरी आल्यावर कॅसेटच्या कागदावर पेन्सिलीने लिहायचा: गाव कुठलं, मृदंग कुणाचा, लावून किती दिवस झाले. कणीक वाळत जाते तसा धुम वर चढतो. किती वेळात किती चढतो, ते त्याला बघायचं असे. अशी कामाची रीत आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नव्हती आणि पुढे झाली नाही.

अडचण एकच होती. टेपचा भोंगा डबीएवढा. त्यातून टाळ येत, बुवाचा गळा येई, मृदंगाची शाईदेखील येई. धुम मात्र येत नसे. कुणी सांगितलं म्हणून त्याने बाजारातून इअरफोन आणले. ते त्याच्या कानात टिकायचे नाहीत. उजव्या कानाला आत कसलंसं वळण होतं, त्यामुळे मान हलवली की इअरफोन छातीवर. दोन बोटांनी दोन्ही कान दाबून तो ओट्यावर बसायचा तेव्हा त्याची बायको तानी म्हणायची, "बघा, कोनी शिव्या घालतंय जनू."

त्याची मुलगी नम्रता दोन हजार तीनला कल्याणला कामाला लागली. वाशिंदला मामाकडे राहायची आणि रोज जाऊन येऊन करायची. कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रांचं ते दुकान होतं. प्रत्येकाच्या कानाचं माप घेऊन, त्या कानात नेमका बसेल असा साचा तिथे तयार करत. आधी ती झाडलोट करायची, मग प्लॅस्टर कालवायला लागली, आणि वर्षाच्या आत दुसऱ्याच्या कानात मसाला भरून माप काढायला शिकली. दिवाळीला घरी आली तेव्हा बापाला बोटांनी कान दाबून बसलेला बघून म्हणाली, "बाबा, तुमच्या कानाचाच साचा काढते मी. त्यात इअरफोन बसवते. मग खाली डोकं वर पाय केलेत तरी पडायचा नाय."

"माझ्या कानाचा?"

"तुमच्याच. दुसऱ्या कोनाच्या कानात जायचा पन नाय तो. पन एक हाय. तंबाखू सोडायची. आजपासून."

सावळारामने हातातली गोळी परसात टाकली आणि म्हणाला, "सोडली."

सोडली म्हणजे तिच्यासमोर सोडली. ती वाशिंदला गेल्यावर चंची पुन्हा कमरेला आली. तंबाखू, चुना आणि त्यासोबत सुपारीचं एक जाड खांड डाव्या दाढेखाली धरून ठेवायची त्याची पंचवीस वर्षांची सवय. मृदंग लावतानाही ते खांड तिथेच असे.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तो कल्याणला गेला. दुकान बंद होतं, पण मालकीण सरिता मॅडम नम्रतासाठी म्हणून आल्या होत्या. आत सगळं पांढरं, फरशी चकचकीत, कुठे थुंकायला कोपरा नाही. सावळारामने स्टँडवर उतरताच दाढेखाली खांड धरलं होतं. त्याला वाटलं होतं, दुकानात शिरायच्या आधी टाकू. पण नम्रता दुकानाच्या दारातच उभी होती.

मॅडमनी नाक जरा वर केलं. "वास कसला येतोय गं?"

"बसमधला," सावळाराम ओठ फार न उघडता म्हणाला. "शेजारी येक मानूस खात होता."

नम्रता हसली. "मॅडम, माझ्या बाबांनी दिवाळीपासून सोडलीय."

आता तर टाकायची सोयच उरली नाही.

नम्रताने बॅटरीने कानात बघितलं, दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवला आणि दोन रंगांचा मसाला तळहातावर मळला. अगदी कणीक मळतात तसा. सावळारामला ते बघून बरं वाटलं. मुलीच्या हाताला अंदाज आहे, हे त्याला मळण्यावरून कळलं.

"आता तोंड मिटून बसायचं," ती म्हणाली. "बोलायचं नाय, गिळायचं नाय, जबडा हलवायचा नाय. मी सांगेन तवर."

मसाला थंडगार होता. तो कानात शिरला तसं दुकान गेलं, रस्ता गेला, कल्याण गेलं. उरला तो स्वतःच्या छातीचा ठोका. सावळारामने दाढेखालचं खांड हलू नये म्हणून जबडा एका बाजूला घट्ट आवळून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. थुंकी साचत होती. पाच मिनिटं त्याला पेरणी ते कापणी एवढी वाटली.

माप बाहेर आलं ते आल्याच्या कोवळ्या तुकड्यासारखं दिसत होतं. "हे माझ्या आत हाय?" त्याने विचारलं. कुणी आपल्या विहिरीचा तळ काढून हातावर ठेवावा तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

मग निवड. साचा मऊ हवा की कडक? मॅडमनी दोन नमुने दिले. सावळारामने दोन्ही कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारली. मऊ नमुना काहीच बोलला नाही. कडक बोलला. "हा," तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "काका, मऊ टोचत नाही." तो म्हणाला, "टोचू द्या. बोलतोय ना." रंगाचं नम्रताला वाटत होतं की आरपार दिसणारा निळा घ्यावा, शहरातली पोरं तोच घेतात. सावळारामने अंगाच्या रंगाचा उचलला. "गावात कोनाला दिसायला नको. नायतर म्हनतील, म्हातारा मिरवतोय."

तो रंग पुढे जेवढा टोचला, तेवढा कडक साचा कधी टोचला नाही.

दोन आठवड्यांनी नम्रता एका लहानशा डबीत ते घेऊन आली. उजव्यावर तांबडा ठिपका, डाव्यावर निळा. कानाची पाळी मागे ओढून, जरा फिरवून घालायचं तिने शिकवलं, दर दोन दिवसांनी साबणाच्या पाण्याने पुसायचं सांगितलं, सोबत एक जुना वॉकमन दिला आणि ती दुपारच्या एसटीने परत गेली.

सावळारामने आधी चंची सोडली, सवयीने खांड दाढेखाली ठेवलं आणि मग साचे कानात घातले. कॅसेट निवडली ती अठ्ठ्याण्णवच्या रामनवमीची, वाडीतल्या भगीरथबुवांच्या मंडळाची. मृदंग त्यानेच लावलेला.

पहिली थाप पडली आणि तो ओट्यावरून उठून उभा राहिला.

धुम आला होता. दोन्ही कानांतून आत येऊन कपाळामागे कुठेतरी एक झाला होता. त्याच्याखाली मृदंग वाजवणाऱ्या पखवाज्याचा तळवा कातड्यावर घासल्याचा आवाज होता. टाळकऱ्यांत बसलेला गणू, जो दोन हजार सालीच गेला, तो एकदा खोकला आणि त्या खोकल्याला जागा होती, उजवीकडे, खांबाजवळ. भजन भर दुपारी अंगणात उतरलं होतं. समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि त्यांचा काहीच आवाज येत नव्हता.

तानी पाणी घेऊन आली. तिचे ओठ हलले.

"काय?" सावळाराम ओरडला.

तिने हाताने दाखवलं, वरडता कशाला. त्याने साचे काढले तेव्हा त्याचे डोळे ओले होते. तो परसात गेला, खांड थुंकलं, चूळ भरली आणि चंची तिच्या हातात दिली. "चुलीत घाल."

"नम्रता नाय हितं," तानी म्हणाली. "कोनाला दाखवताय?"

"कोनाला नाय. घाल."

ज्या हातांनी हे केलं त्या हातांसमोर आपण तोंडात चोरी घेऊन बसलो, याची त्याला फार लाज वाटली होती. त्या दिवसापासून त्याने तंबाखू खरोखर सोडली. सुपारीही.

आणि तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा साचे घातले, तर उजव्या कानातला धुम गेला होता.

तीच कॅसेट, तीच थाप. डावीकडे धुम भरून येई, उजवीकडे पत्र्यावर बोट वाजवावं तसं काहीतरी. त्याला वाटलं सेल उतरले. टोकावड्याहून नवे आणले. मग वाटलं कॅसेट घासली. दुसरी लावली, तिसरी लावली. साचे साबणाने पुसले, आतल्या भोकात गवताची काडी घालून पाहिली. तांबडा ठिपका डाव्या कानात बसवायचा प्रयत्न केला तेव्हा कानात कळ गेली आणि तो दिवसभर एक बाजू धरून बसला. शेवटी इअरफोनच आलटून पालटून साच्यांत बसवले. धुम डावीकडेच राहिला. म्हणजे यंत्र ठीक होतं. बिघाड उजव्या कानात होता.

हे त्याला कळलं तेव्हा त्याने साचे डबीत घालून झाकण लावलं.

पण मधेच काहीतरी भलतंच व्हायचं. एकदा साचे कानात असतानाच तानीने भाकरी आणून दिली. त्याने घास घेतला आणि धुम आला. गिळला, धुम गेला. पुन्हा चावलं, आला. सावळाराम घास हातात धरून तसाच थांबला.

"मीठ कमी हाय?" तानीने हाताने विचारलं.

"कान उपाशी होता," तो म्हणाला. त्याला तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने पोटभर जेवून ऐकलं. धुम नव्हता. मग त्याने फुटाणे आणले आणि एक अख्खी दुपार फुटाणे खात मृदंग ऐकत बसला. थाप कमी आणि दाढेखालचा कडकडाट जास्त. डोंगराचा कडा कोसळावा तसे फुटाणे फुटत होते आणि त्यांच्या फटीतून धुम डोकावून जात होता. संध्याकाळी पोट दुखलं. काहीच कळलं नाही.

इकडे गावाला मात्र सगळं कळलं होतं. अंगाच्या रंगाचं काहीतरी सावळारामच्या कानात असतं, त्याची पोरगी बहिऱ्यांच्या दुकानात कामाला आहे, आणि हाक मारली तर तो बघत नाही. शेजारची भागी तर रोज बांधावरून हातवारे करू लागली. बोट तोंडाकडे नेऊन, "जेव-लात-का?"

"मला ऐकू येतंय गो भागी!"

"हां, हां," भागी तानीला म्हणायची, "यंत्र चांगलं हाय, नाय? लगेच कळलं त्यांना."

टोकावड्याच्या चहाच्या टपरीवर लोक त्याच्याशी ओरडून बोलू लागले. तो जितका म्हणे, अरे हे गाणी ऐकायचं आहे, तितके ते समजूतदारपणे मान डोलवत. बहिरा माणूस कधी कबूल करतो का?

ओट्यावर येणारे मृदंग कमी झाले. जे आले त्यांच्यावर सावळारामचा हात बसेना. थाप मारायचा, उघड्या कानांना धुम ऐकू यायचा, पण आता त्याचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. अर्धा धुम उजव्या कानातून सुटत असेल तर? म्हणून तो कणीक थोडी जास्त लावायचा. मग आणखी थोडी. भगीरथबुवांचा मृदंग असाच जड करून दिला, आणि दुसऱ्याच भजनाला पखवाज्या म्हणाला की हा मृदंग आहे की ओल्या भाताचं पोतं.

भगीरथबुवा वाडीहून चालत आले. मोठा माणूस, गळा असा की दोन शेतं ओलांडून जाईल. तो गळा त्यांनी सावळारामच्या कानापासून वीतभरावर लावला. "सावळाराम! मृदंग! मुरबाडला! देतो! लावायला!"

सावळाराम शांतपणे म्हणाला, "बुवा, हळू बोला. घरात वासरू हाय."

"हनुमान जयंतीला सामना हाय रे," बुवांचा आवाज उतरला. "टोकावड्याला. मंडळाचं नाव हाय. तुझ्यावर राग नाय. वय होतं मानसाचं."

सावळारामला म्हणायचं होतं की माझा कान ठीक आहे. पण तसं म्हणता येईना, कारण ठीक आहे की नाही तेच त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "न्या." आणि त्याच दिवशी हातोडी आढ्याला टांगली. पुढच्या आठवड्यात शहापूरकडचे दोघे मृदंग घेऊन आले, तर पाणी देऊन त्यांना म्हणाला, "माझा कान गेला. दुसरीकडं न्या." तानीने ते आतून ऐकलं. ती बाहेर आली नाही.

माघात डोंगरावरच्या ठाकूरवाडीत गोमाच्या मुलीचं लग्न होतं. गोमाचा ढोल सावळारामने कित्येकदा ताणून दिलेला, तेव्हा जाणं भाग. तिथे रीत अशी की मांडवात आलेल्या जुन्या माणसाला घरधनी स्वतःच्या हाताने तंबाखू-सुपारी देतो, आणि ती तिथेच त्याच्यासमोर तोंडात घालायची. नाही म्हटलं तर लग्नाला नाही म्हटल्यासारखं. गोमाने हात पुढे केला. सावळारामने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा मांडवाकडे, आणि खांड डाव्या दाढेखाली धरलं.

उतरताना तो एका आंब्याखाली टेकला. वॉकमन खिशात होता. साचे घातले ते ऐकायला नव्हे, ढोलांच्या आवाजाने डोकं भणभणलं होतं म्हणून. चालू केलं.

धुम आला. दोन्हीकडून. पहिल्या दिवसासारखा भरलेला, गणूच्या खोकल्यासकट.

सावळाराम घामाने भिजला. त्याने थुंकून टाकलं आणि पुन्हा ऐकलं. उजवीकडे पत्रा. आता त्याला वाटलं, कळलं. तंबाखूने कान उघडतो. पंचवीस वर्षं आपला कान तंबाखूवर चालला होता, आणि मुलीच्या शब्दापायी आपण तो बंद केला. आता तंबाखू खावी तर शब्द जातो, न खावी तर कान. आंब्याखाली तो एवढा वेळ बसला की वऱ्हाडातली माणसं त्याला ओलांडून खाली गेली आणि जाताना प्रत्येकाने त्याच्याकडे बघून हाताने विचारलं, काय झालं?

दीड-दोन महिने तो तसाच फिरला. चंची नव्हती, हातोडीही नव्हती. तानीने एकदा म्हणून पाहिलं, "खा मग चोरून. आधी काय केलंत?" त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विषय काढला नाही. शेवटी हनुमान जयंतीला पाच दिवस उरले तेव्हा तो कल्याणला गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं. तो बाकावर बसून राहिला. नम्रता मोकळी झाली तेव्हा त्याने डबी तिच्यापुढे ठेवली.

"हे ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. माझा उजवा कान तंबाखूबिगर चालत नाय."

नम्रताला काहीच उमगलं नाही. तिने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याने तेच सांगितलं. मग तिने साचे त्याच्या कानात घातले, गाणं लावलं आणि म्हणाली, "तोंड उघडा. आता मिटा. आता खालचा जबडा डावीकडं न्या."

जबडा डावीकडे गेला आणि धुम आला.

"बाबा, मी माप घेतलं तेव्हा तोंडात काय होतं?"

बाहेर रिक्षा वाजत होत्या. सावळारामने मॅडमच्या टेबलाकडे पाहिलं. "खांड होतं," तो म्हणाला. "सुपारीचं. आन तंबाखू."

तिने बोट आपल्याच कानात घातलं, जबडा हलवला आणि त्यालाही तसं करायला लावलं. बोटाखाली कानाची भिंत हलत होती. जबडा वाकडा धरला होता म्हणून उजव्या कानाचं भोक निमुळतं झालं, माप तसं आलं आणि साचा तसाच झाला. तोंड सरळ असलं की साच्याच्या बाजूला केसभर फट राहते. धुम त्या फटीतून निघून जातो. बारीक आवाज राहतात, जाड आवाज जातो. एवढंच होतं.

"सोडली होती म्हनालात. मी मॅडमना सांगितलं, माझ्या बापाने सोडली."

"तेव्हा नव्हती सोडली. साचे आले त्या दिवशी सोडली."

"खरंच?"

"म्हनून तर कान गेला."

नम्रता उठून हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता. परत आली तेव्हा तिच्या हातात लाकडाचा एक लहान ठोकळा होता. तो तिने बापाच्या दातांमध्ये ठेवला, नवा मसाला मळला आणि पुन्हा माप घेतलं. या वेळी तिने आधी गालांत बोट फिरवून बघितलं, भाताच्या पोत्यात हात घालून बघतात तसं.

मग तिने त्याला बंद खोलीत बसवून कानाची तपासणी केली. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज आला असं वाटलं तेव्हाही तो आधी थांबे, खरंच आला का म्हणून. कागदावरची रेघ दाखवत ती म्हणाली, "बारीक आवाज थोडे कमी झालेत, ते वयाने होतंच. जाड आवाजाला काय झालेलं नाय. दोन्ही कान सारखे हायेत."

"मग मी कनीक जास्त का लावली?"

तिने कागद त्याच्याकडे वळवला. "ते ह्याच्यात दिसत नाय, बाबा."

परत येताना एसटीत तो सगळा वेळ तेच घोळवत होता. कान ठीक होता, तरी हात चुकला. मग इतकी वर्षं मृदंग कुणी लावले, कानाने की खात्रीने? धोंडी उस्ताद असता तर त्याला विचारलं असतं. उस्तादाने बहुतेक हाकलून दिलं असतं.

तो घरी न थांबता तसाच वाडीला गेला. भगीरथबुवा अंगणात बसले होते, मंडळातली चारपाच माणसं होती. मुरबाडहून लावून आणलेला मृदंग खोळीत घालून ओट्यावर ठेवला होता. सावळारामला बघून बुवांनी छाती भरून घेतली.

"वरडू नका," सावळाराम म्हणाला. "कान मोकळे हायेत. मृदंग बघायचाय."

बुवांनी इतरांकडे पाहिलं. सामना पाच दिवसांवर होता. पण जुन्या माणसाला अंगणातून कसं घालवायचं? त्यांनी खोळ काढली आणि आतून हातोडीही आणून हाताशी धरली, लागली तर द्यायला.

सावळारामने मृदंग मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि डाव्या तोंडावर थाप मारली. धुम अंगणातून निघाला, गवताच्या उडवीपर्यंत गेला, विरला. त्याने पुन्हा मारली. मग शाईवर बोट टाकलं. मग पुन्हा धुम. कणकेला तो हात लावील, थोडी काढील किंवा थोडी घालील, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यालाही वाटत होतं. हात एकदा कणकेपर्यंत गेलादेखील. या एका गोळ्यात त्याचं गेलेलं नाव होतं.

त्याने हात मागे घेतला.

"ह्याला काय करायचं नाय," तो म्हणाला. "बरोबर लावलाय. मी लावला असता तर ह्याहून बरा लागला नसता."

माणसांत चुळबुळ झाली. टाळकऱ्यांतला एक जण बुवांच्या कानाशी कुजबुजला, पण आमच्याकडची कुजबुज अंगणभर ऐकू जाते. "ऐकूच येत नसंल. खोट कशी काढनार?"

"ऐकू येतंय," सावळाराम त्याच्याकडे वळून म्हणाला.

"मग येवढ्या लांब कशाला आलास?" बुवांनी विचारलं. हळू आवाजात.

"ऐकायला."

भगीरथबुवा हातोडी धरून तसेच उभे राहिले. हा माणूस बहिरा झाला म्हणून खोट काढत नाही, की खोट नाही म्हणून काढत नाही, हे त्यांना ठरवता येईना. दुसऱ्याचं काम बरोबर आहे असं सांगायला कुणी चालत येतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा मृदंगाकडे पाहिलं, एकदा सावळारामच्या उघड्या कानांकडे. मग ते आत गेले, आणि जिच्यात खोट आहेच हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, ती घरातली फुटक्या धुमाची एक जुनी ढोलकी आणून हातोडीसकट त्याच्या पुढ्यात ठेवली.